मग कालचे किलोमीटर कुणाचे होते? ट्रेनर बनवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
इनडोअर ट्रेनर, सायकल कॉम्प्युटर आणि सायकलिंगची ॲप बनवणाऱ्या सर्व कंपन्या

सप्रेम नमस्कार.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी माझी धाकटी बहीण पहिल्यांदा सायकलवर बसली, ती माझ्या ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर. फिजिओथेरपिस्टने सांगितलं होतं: गिअर हलका ठेवायचा, गुडघ्यावर झटका येऊ द्यायचा नाही, ११० वॅटच्या (पायांनी लावलेल्या ताकदीचं हे माप) वर जायचं नाही. म्हणून मी ट्रेनर अर्ग मोडवर टाकला (यात ट्रेनर ठरवून दिलेले वॅट कायम राखतो), ११० वॅट लावले, पुढची लहान चेनरिंग (पॅडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे मोठं चक्र लावून दिलं. तिने बरोबर एक तास पॅडल मारलं, मिनिटाला ७५ फेऱ्यांच्या लयीत. मध्ये एकदाही थांबली नाही. मी शेजारी उभा होतो आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता.

घाम पुसत ती उतरली, पडद्याकडे पाहिलं आणि गप्प झाली. पडद्यावर १३.४ किलोमीटर होते. आजारपणाआधी तेवढ्याच वेळात ती रस्त्यावर पंचवीसच्या पुढे सहज जायची. “दादा, एवढंच उरलंय का माझ्यात?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुन्हा बसवलं, दहाच मिनिटं. तेच ११० वॅट आणि तीच ७५ ची लय ठेवली. फक्त चेन पुढच्या मोठ्या चेनरिंगवर आणि मागच्या लहान चक्रावर घेतली. पडद्यावर वेग आला ताशी ३१.६ किलोमीटर. पायांना काही फरक जाणवत नव्हता, श्वासही तसाच चालू होता. ती पॅडल मारता मारता थांबली आणि म्हणाली, “मग कालचे किलोमीटर कुणाचे होते?”

हे पत्र मी तिच्या त्या प्रश्नासाठी लिहितो आहे. तुमच्यापैकी कुणा एका कंपनीचं नाव घेत नाही, कारण मी जेवढे ट्रेनर, जेवढी ॲप आणि जेवढे सायकल कॉम्प्युटर वापरले त्या सगळ्यांत हा दोष थोड्याफार फरकाने आहे.

हिशेब तुम्हाला माहीतच आहे. तरीही इथे मांडतो, कारण हे पत्र वाचणाऱ्या किती तरी सायकलस्वारांना तो कुणी सांगितलेला नाही. पुढे ३४ दात आणि मागे २४ दात असतील, तर पॅडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ १.४२ वेळा फिरतं. पुढे ५० आणि मागे १५ असतील तर ३.३३ वेळा. चाकाचा घेर २.१०५ मीटर धरायचा (७०० बाय २५ च्या टायरसाठी तक्त्यांत हाच आकडा असतो) आणि मिनिटाला ७५ फेऱ्यांनी गुणायचं. पहिल्या गिअरमध्ये ताशी १३.४ किलोमीटर येतात, दुसऱ्यात ३१.६. रस्त्यावर हे गणित खरं ठरतं, कारण तिथे जड गिअरमध्ये तीच लय टिकवायला पायांना कितीतरी जास्त ताकद लावावी लागते. रस्ता आणि वारा आपली किंमत वसूल करतात. अर्ग मोडमध्ये मात्र ट्रेनरने ठरवलेलंच असतं की काही झालं तरी ११० वॅटच घ्यायचे. चाक जोरात फिरू लागलं की तो ब्रेक सैल करतो, हळू फिरलं की आवळतो. म्हणजे वेगाची किंमत तुमच्याच यंत्राने काढून टाकलेली असते. आणि त्यानंतरही पडद्यावर वेग दिसतो, एका दशांश स्थळापर्यंत.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते पाहा. फिलिपो गाना या इटालियन सायकलपटूने ८ ऑक्टोबर २०२२ रोजी स्वित्झर्लंडमधल्या ग्रेनशेनच्या व्हेलोड्रोमवर, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅकवर, एका तासात ५६.७९२ किलोमीटर कापले. त्यासाठी खास सायकल, खास कपडे, वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या आणि जगातल्या मोजक्या माणसांकडे असेल अशी ताकद लागली. आता अर्ग मोडवर २०० वॅट लावा, पुढे ५३ आणि मागे ११ दातांचा गिअर टाका आणि मिनिटाला ९५ फेऱ्यांनी पॅडल मारा. पडद्यावर ताशी ५७.८ येईल. नियमित सराव करणारा हौशी माणूस हे करू शकतो. तासभर टिकवलं तर त्याच्या खात्यावर गानापेक्षा एक किलोमीटर जास्त जमा होईल, आणि तुमचं ॲप त्याला वैयक्तिक विक्रमाचं पदकही देईल.

“इनडोअरचा वेग कुणी गंभीरपणे घेत नाही,” असं तुम्ही म्हणाल. मला हे उत्तर लेखी मिळालेलं आहे. एका कंपनीच्या ग्राहक सेवेला मी सविस्तर पत्र लिहिलं, आकडे जोडले. उत्तर आलं की घरातला वेग आणि अंतर केवळ संदर्भासाठी असतं. मग ते महिन्याच्या बेरजेत का येतं? वर्षाच्या उद्दिष्टात का मोजलं जातं? त्याच अंतरावर चेन बदलण्याची आठवण का येते? संदर्भासाठी असलेला आकडा हिशेबाच्या वहीत कसा चढतो, याचं उत्तर त्या पत्रात नव्हतं.

मी स्वतः तो आकडा गंभीरपणे घेतला होता. माझ्या पहिल्या दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी मी जवळजवळ पूर्णपणे व्हील-ऑन ट्रेनरवर (ज्यात मागचं चाक न काढता रोलरवर टेकवतात) केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: ब्रेव्हे म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड. तीत २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते, आणि थांबे, पंक्चर, खाणंपिणं सगळं त्यातच धरायचं. ट्रेनरवर मी सलग ३१ ची सरासरी काढत होतो. रस्त्यावर थोडं कमी होईल, म्हणून २९ धरले. सात तास पॅडल आणि दीड तास थांबे, असा हिशेब केला. सकाळी सातला निघून दुपारी साडेतीनपर्यंत परत. मागचा दिवा लावला होता, पण पूर्ण चार्ज केला नव्हता. दुपारीच परतायचं होतं.

परतलो संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, अंधारात. शेवटचा तासभर तो दिवा कधी विझेल या धास्तीत काढला. पहिल्या साठ किलोमीटरमध्ये २९ गाठण्यासाठी मी जीव तोडून पॅडल मारलं होतं, त्याची परतफेड पुढच्या एकशे चाळीस किलोमीटरमध्ये करावी लागली.

नंतर शोध घेतला तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. पहिली, माझ्या सायकल कॉम्प्युटरमध्ये चाकाचा घेर २२८८ मिलिमीटर होता. तो माझ्या जुन्या २९ इंची माउंटन बाइकच्या टायरचा. नव्या सायकलला २५ चे टायर होते, म्हणजे हवा होता २१०५. हा फरक ८.७ टक्क्यांचा. पडद्यावर ३१ दिसायचे तेव्हा चाकाच्या हिशेबानेही ते २८.५ च होते. ही चूक माझी, मान्य. पण तो आकडा चार मेनूंच्या खाली पुरलेला होता आणि सेन्सर पुन्हा जोडताना कुणी विचारलं नाही की चाक तेच आहे का.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ते २८.५ सुद्धा रस्त्यावरचे नव्हते. रस्त्यावर वेग वाढतो तसा वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद जवळजवळ घनाने. सायकलसकट ८० किलो वजन, वाऱ्याला अडवणारं क्षेत्र ०.३२ चौरस मीटर, बरा डांबरी रस्ता आणि शून्य वारा धरून मी हिशेब केला. ताशी २५ ला सुमारे ९२ वॅट लागतात, ३० ला सुमारे १४४ आणि ३५ ला सुमारे २१५. शेवटच्या पाच किलोमीटरसाठी दीडपट ताकद. साध्या चुंबकी ट्रेनरमध्ये विरोध असा वाढत नाही. तिथे वेग आणि ताकद साधारण सरळ रेषेत चालतात. त्यामुळे हळू चालवताना ट्रेनर रस्त्यापेक्षा जड वाटतो आणि जोरात चालवताना हलका. द्रवावर चालणारे ट्रेनर रस्त्याच्या जास्त जवळ जातात, पण आतला द्रव तापला की विरोध बदलतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांतला वेग आणि चाळिसाव्या मिनिटाचा वेग एका तराजूत तोलता येत नाहीत. त्यात टायरची हवा, रोलर किती आवळला आहे, टायर घासून किती गुळगुळीत झाला आहे, हे सगळं मिसळतं. रोलर जरा सैल असला आणि उभं राहून जोर लावला तर टायर घसरतो, चाक नुसतंच फिरतं आणि पडद्यावर वेग उसळी मारतो. ताकद वाया गेली त्याच क्षणी वेग वाढलेला दिसतो.

म्हणजे चाक फिरलं हे खरं असतं. सायकल कुठेही गेलेली नसते. त्या फिरण्याला किलोमीटर म्हणायचं तर ते कोणत्या रस्त्यावरचे, किती वाऱ्यातले आणि कुणाच्या वजनाचे, हे कुणीतरी ठरवावं लागतं. तुम्ही ते ठरवता, पण आम्हाला सांगत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

जुन्या साध्या ट्रेनरवर चाकाचा वेग मोजला जायचा आणि त्यावरून, त्या ट्रेनरच्या ठरीव आलेखानुसार, वॅटचा अंदाज काढला जायचा. वेग मोजलेला आणि ताकद अंदाजाची. आज स्मार्ट ट्रेनरवर आभासी जगात चालवताना बरोबर उलट होतं. ट्रेनर वॅट मोजतो, आणि ॲप त्यावरून, आपण भरलेल्या वजन-उंचीवरून, चढ-उतारावरून, पुढे चालणाऱ्या आभासी सायकलींच्या आडोशावरून वेग काढतं. इथे ताकद मोजलेली आणि वेग अंदाजाचा. तिसरीकडे, त्याच ट्रेनरचा सिग्नल सायकल कॉम्प्युटर घेत असेल तर तो पुन्हा चाकाच्या फेऱ्या मोजत बसतो. या तिन्ही वाटांनी येणारा आकडा पडद्यावर एकाच नावाने, एकाच अक्षरात, एकाच जागी दिसतो: वेग, किमी/तास. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे पोहरा भरून येतो, पण कुठल्या आडातून ते विचारायची सोयच नाही.

एकदा मी एका तासाची राइड ॲपवर आणि सायकल कॉम्प्युटरवर एकाच वेळी नोंदवली. ॲपने ३१.८ किलोमीटर दाखवले, कॉम्प्युटरने २४.१. दोन्ही आपोआप माझ्या खात्यात चढल्या आणि त्या दिवसाची बेरीज झाली ५५.९ किलोमीटर. वॅट दोन्हीकडे सारखे होते, हृदयाचे ठोकेही सारखेच. फक्त अंतराच्या बाबतीत मी एकाच वेळी दोन ठिकाणी होतो.

आता कुणी म्हणेल की हौशी लोकांच्या सरावात एवढा काटेकोरपणा कशाला. पण जिथे निकाल पणाला लागतो तिथे तुम्ही काटेकोर होताच. २०२० साली यूसीआयने, म्हणजे सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, सायकलिंगच्या ई-स्पोर्ट्सची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा घेतली. तेव्हा स्पर्धकांना एकाच मॉडेलचे ट्रेनर पुरवण्यात आले आणि त्यांची वजनं पडताळून पाहिली गेली. कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ट्रेनर बदलला किंवा वजन पाच किलोने कमी भरलं तर आभासी चढावरचा वेग बदलतो. ती जाणीव घरात एकट्याने पॅडल मारणाऱ्या माणसापर्यंत का पोहोचू नये? त्याच्यासाठी तर तो पडदाच पंच आहे आणि तोच प्रशिक्षक.

वॅटच्या बाबतीत तुम्ही हा प्रामाणिकपणा शिकलात, याबद्दल मला मनापासून आदर आहे. आज खोक्यावर छापलेलं असतं: अचूकता ±२ टक्के, कुठे ±१ टक्का. स्पिनडाउन (वॅटचं माप जुळवून घेण्याची रीत) कसं करायचं, आधी दहा मिनिटं ट्रेनर तापवायचा, मग ठरावीक वेगापर्यंत न्यायचा आणि पाय थांबवून चाक आपोआप मंद होऊ द्यायचं, हे तुम्ही पायरीपायरीने शिकवता. वेग आणि अंतर यांच्या अचूकतेचा आकडा मात्र मी घेतलेल्या एकाही ट्रेनरच्या खोक्यावर नव्हता. ज्याची हमी द्यायची तयारी नाही तो आकडा सगळ्यांत मोठ्या अक्षरात दाखवायचा, याला आमच्याकडे मापात पाप म्हणतात. तुमच्या मनात पाप नसेल, हे मी मान्य करतो. पण माप तर तुमच्याच हातात आहे.

व्यायामशाळेतल्या सायकलींचं वेगळं काय सांगू. तिथे बहुतेकदा गिअरच नसतो, विरोधाचा खटका शून्यावर ठेवून पाय गरगर फिरवले की किलोमीटर धो धो पडतात. निदान तिथे कुणी ते महिन्याच्या बेरजेत धरत नाही, एवढा दिलासा.

या चुकीच्या आकड्यांचे परिणाम लहान वाटतात, पण ते रोज होतात. माझ्या ॲपमध्ये सायकलीच्या प्रत्येक भागाचं अंतर मोजलं जातं. डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर मागचं चाक काढून भिंतीला टेकवून ठेवतात, तरी त्या चाकावरच्या टायरच्या खात्यात एका हंगामात साडेअकराशे किलोमीटर चढले आणि टायर बदलण्याची सूचना आली. टायरवर धूळ होती, झीज नव्हती. चेनचं उलट. ती ट्रेनरवर खरोखर झिजते, पण झीज फेऱ्यांवर आणि ताणावर अवलंबून असते, आणि हलक्या गिअरमध्ये चालवणाऱ्याचे किलोमीटर कमी भरतात म्हणून त्याला आठवण उशिरा येते. माझ्या बहिणीने त्या महिन्यात मोठ्या गिअरवाल्या कुणाहीपेक्षा जास्त फेऱ्या मारल्या असतील. तिच्या चेनच्या हिशेबात त्या दिसतच नाहीत.

कॅलरीचंही तसंच. जी ॲप वॅट असूनही वेगावरून कॅलरी काढतात त्यांच्या हिशेबात अर्ग मोडवर मोठी चेनरिंग लावणारा माणूस जास्त कॅलरी जाळतो आणि लहान लावणारा कमी. खरं तर ट्रेनरने मोजलेले किलोज्यूल हाताशी असतात. माणसाच्या स्नायूंची कार्यक्षमता चोवीस टक्क्यांच्या आसपास आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल, त्यामुळे यंत्रावर केलेले किलोज्यूल आणि शरीराने जाळलेल्या किलोकॅलरी हे आकडे जवळजवळ सारखेच येतात. ११० वॅट एक तास म्हणजे ३९६ किलोज्यूल. माझ्या बहिणीने त्या दिवशी ३९६ किलोज्यूल काम केलं होतं. गिअर कुठलाही असता तरी ते तेवढंच राहिलं असतं. हा आकडा तिला दुसऱ्या पानावर, खाली, करड्या अक्षरात सापडला. १३.४ हा मात्र पहिल्या पानावर होता, ठळक.

सगळ्यांत मोठं नुकसान माणसांचं होतं. नवा माणूस हलक्या गिअरमध्ये, शिकवल्याप्रमाणे, गुडघे सांभाळत पॅडल मारतो आणि त्याला कमी गुण मिळतात. दुसरा जड गिअर लावतो आणि त्याला शाबासकी. गटातल्या अंतराच्या आव्हानांत तर हे उघडच दिसतं. आमच्या गटाने एकदा महिनाभर किलोमीटर मोजले. तीन आठवड्यांत सगळ्यांच्या लक्षात आलं की वरचे पाच जण तेच आहेत ज्यांना मोठ्या चेनरिंगची युक्ती कळली आहे. त्यांनी काही लबाडी केली नव्हती, पडद्याने दिलं ते घेतलं. दोघी-तिघी मात्र दुसऱ्या आठवड्यातच गळाल्या. “आमच्याकडून होत नाही,” असं म्हणून. त्यांच्याकडून होत होतं. त्यांचे वॅट मी नंतर पाहिले, चांगले होते.

तुमचा एक मुद्दा मला पटतो. वेग हा माणसाला समजणारा आकडा आहे. वॅट म्हणजे काय हे नव्या माणसाला सांगावं लागतं, तीस किलोमीटर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. आभासी रस्त्यावर पुढे सरकणारी आपली आकृती पाहून तासभर बसवतं, नाहीतर भिंतीकडे बघत कुणी पॅडल मारणार नाही. म्हणून मी वेग काढून टाका असं म्हणत नाही. उलट वॅटवरून काढलेला वेग मला चाकावरून काढलेल्या वेगापेक्षा जास्त न्याय्य वाटतो, कारण तो निदान केलेल्या कामाशी बांधलेला असतो, गिअर बदलून त्याला फसवता येत नाही. माझ्या हिशेबाने ११० वॅटमध्ये माझी बहीण सपाट रस्त्यावर, वारा नसताना, ताशी सत्तावीसच्या आसपास गेली असती. १३.४ आणि ३१.६ या दोन्ही आकड्यांपेक्षा हा खरा. आणि तो काढायला लागणारं सगळं त्या पडद्याकडे आधीच होतं: वॅट आणि वजन.

मग मागतो काय? वेगाच्या आकड्याशेजारी तो कुठून आला ते लिहा. “चाकावरून”, “वॅटवरून”, “जीपीएसवरून”, एवढा एक शब्द पुरे. ट्रेनर आणि ॲप ज्या ठरलेल्या भाषांत बोलतात त्यांतल्या अँट प्लसच्या एफई-सी या मानकात तर यासाठी जागाही आहे. ट्रेनर वेग पाठवतो त्या संदेशातच एक खूण असते की हा वेग खरा मोजलेला आहे की आभासी. म्हणजे मानक लिहिणाऱ्यांना हा प्रश्न आधीच सुचला होता. ती खूण तारेविना हवेतून माझ्या कॉम्प्युटरपर्यंत येते आणि तिथेच मरते, माझ्या डोळ्यांपर्यंत कधी पोहोचत नाही. ब्लूटूथच्या एफटीएमएस या अशाच मानकात ट्रेनरला चाकाचा घेर कळवण्याची आज्ञा आहे. ती वापरा, आणि सायकल जोडताना एकदा विचारा: टायर कोणता आहे? माझ्यासारखे कितीजण जुन्या चाकाचा घेर वर्षानुवर्षं वाहत असतील.

अर्ग मोड चालू असेल तेव्हा चाकाचा वेग दाखवू नका. तिथे तो पूर्णपणे निरर्थक आहे, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. दाखवायचाच तर वॅटवरून काढून दाखवा आणि त्यासाठी वजन, वाऱ्याला अडवणारं क्षेत्र आणि रस्त्याचं घर्षण किती धरलं ते एका ओळीत उघड करा. सूत्र गुपित ठेवण्यासारखं काही नाही, ते भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. तुम्ही धरलेले आकडे तेवढे आम्हाला कळू द्या, म्हणजे एका ॲपवरचे २०० वॅट ३३ ने का जातात आणि दुसऱ्यावर ३५ ने का, यावरून भांडणं तरी होणार नाहीत.

वर्षाच्या बेरजेत घरातलं आणि बाहेरचं अंतर वेगवेगळं ठेवा. घरातल्या राइडची बेरीज मिनिटांत आणि किलोज्यूलमध्ये करा. एकाच वेळेच्या दोन नोंदी आल्या तर एकच मोजा. तुमच्या यंत्रांना एका सेकंदाचा हजारावा भाग कळतो, तर एकच माणूस एकाच तासात दोनदा पॅडल मारू शकत नाही हेही कळायला हवं. आणि टायरच्या खात्यात ट्रेनरचं अंतर चढवू नका, चेनच्या खात्यात फेऱ्या धरा.

यातल्या एकाही गोष्टीला नवं यंत्र लागत नाही. सगळी माहिती आजच तुमच्याकडे येते. काही ओळींचं काम आहे आणि एक निर्णय.

माझी बहीण आता पुन्हा रस्त्यावर चालवते. पावसात आणि अंधार लवकर पडतो त्या दिवसांत ट्रेनरवर बसते, अजून अर्ग मोडवरच, अजून हलक्या गिअरमध्ये, गुडघ्यासाठी. आता १५० वॅट एक तास. तिने टॅबलेटच्या पडद्यावर वरच्या कोपऱ्यात, जिथे वेग आणि अंतर दिसतं, तिथे कागदाची एक पट्टी चिकटवली आहे. ट्रेनर विकत घेतल्यापासून त्यात आम्ही केलेली सगळ्यांत उपयोगी सुधारणा तीच. फर्मवेअरच्या पुढच्या अपडेटनंतर ती पट्टी काढून पाहू, असं आम्ही ठरवलं आहे. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथे असेल तर मी तुम्हाला आभाराचं पत्रही असंच उघडपणे लिहीन.

आपला,
ट्रेनरवर आणि रस्त्यावर दोन्हीकडे चालवणारा एक सायकलस्वार